मुलीबरोबर मालदीवला जावे का? समुद्रकाठच्या रिसॉर्टविषयी सल्ला हवा आहे

निवृत्त शिक्षिका, सातारा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून माझे वय ६६ आहे. माझी अविवाहित मुलगी बंगळुरूला नोकरी करते आणि फेब्रुवारीत मला मालदीवला, तेही पाण्यावर खांबांवर उभारलेल्या घरात राहायला नेण्याचा तिने चंगच बांधला आहे. नातेवाइकांच्या मते या वयात काशी किंवा रामेश्वर करावे. त्यांच्या बोलण्याची मला फारशी पर्वा नाही, कारण समुद्र मलाही पाहायचा आहे. अडचणी वेगळ्या आहेत. माझे गुडघे दुखतात, मला पोहता येत नाही, मी पूर्ण शाकाहारी असून गुरुवारचा उपवास करते, आणि एका लहानशा बेटावर दिवसभर काय करायचे याची मला कल्पना येत नाही. शिवाय निम्मा खर्च माझ्या पेन्शनमधून करावा असे मला वाटते, तर मुलगी त्या विषयावर बोलूच देत नाही. ज्यांनी आपल्या आई-वडिलांना अशा ठिकाणी नेले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

विश्रामबागकर, सांगली

बाई, अवश्य जा, पण पाण्यावरचे घर घेऊ नका. मी माझ्या आईला मालदीवला नेले होते, त्यावरून सांगतो. ही घरे लांबलचक लाकडी पुलाच्या दोन्ही बाजूंना असतात, जेवणघर बेटाच्या मध्यभागी असते, आणि प्रत्येक वेळी बॅटरीवर चालणारी गाडी बोलावून तिची वाट पाहत बसण्याचा गुडघेदुखीच्या माणसाला कंटाळा येतो. घरातून पाण्यात उतरायला सरळसोट शिडी असते आणि शिडीखालचे पाणी काही ठिकाणी पोहता न येणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल इतके खोल असते. त्याऐवजी वाळूवर बांधलेले घर घेतले, तर दार उघडून चार पावलांवर उथळ पाणी मिळते, झाडांची सावली मिळते आणि भाडेही सहसा कमी असते.

दुसरे म्हणजे बेट निवडताना तिथे स्पीडबोटीने जाता येते की समुद्री विमानाने, हे आधी विचारा. समुद्री विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे मुंबईचे विमान माले या मालदीवच्या राजधानीला संध्याकाळी पोहोचले तर ती रात्र विमानतळाजवळच काढावी लागते. त्यातच तरंगत्या फलाटावरून अरुंद पायऱ्यांनी चढायचे असते. विमानतळापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या स्पीडबोटीवरचे बेट तुम्हाला सोयीचे पडेल, आणि वेळ आलीच तर मालेतले रुग्णालयही जवळ राहील.

जेवणाचे म्हणाल तर न्याहारी आणि रात्रीचे जेवण एवढेच भाड्यात धरलेले असेल, तर दुपारच्या साध्या डाळभाताचेही बिल पाहून तुम्ही उपाशी राहणे पसंत कराल. म्हणून तिन्ही वेळचे जेवण धरूनच भाडे ठरवा आणि पाण्याच्या बाटल्या त्यात आहेत का हेही विचारा. मोठ्या रिसॉर्टमध्ये भारतीय आचारी बहुधा असतात. उपवासाला साबुदाणा मिळणार नाही, पण फळे, दही आणि उकडलेले बटाटे मिळतात. शेंगदाण्याची चटणी आणि भडंग बरोबर न्या. जाहिरातीतले भाडे पुष्कळदा कर सोडून असते, हेही ध्यानात ठेवा. मालदीवमध्ये पर्यटनावरचा वस्तू-सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, त्याखेरीज १० टक्के सेवाशुल्क लावण्याची पद्धत आहे, आणि रिसॉर्टमध्ये दर माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर असतो.

मिरज जंक्शन

मी प्रवासाची आरक्षणे करून देण्याच्या व्यवसायात आहे. वरील सल्ला योग्यच आहे, परंतु 'दिवसभर काय करायचे' हा बाईंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. बाहेर पडून बाजार पाहावा, देवळात जावे, कोणाशी चार गोष्टी बोलाव्यात, हे तिथे होत नाही. ज्यांना वाचन, पाण्यात डुंबणे आणि झोप एवढे पुरते त्यांना ते बेट म्हणजे स्वर्ग. इतरांना मात्र लवकरच कोंडल्यासारखे वाटू लागते.

तुमचा स्वभाव माणसांत रमणारा असेल, तर मॉरिशसचा विचार करा. मुंबईहून थेट विमान आहे, प्रवास साधारण ६ तासांचा आहे आणि भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्याने मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि किनाऱ्याकडचे पाणी बहुतेक ठिकाणी शांत असते. पश्चिमेकडचे फ्लिक-आँ-फ्लॅक त्यासाठी चांगले. दक्षिणेला ग्रिग्री इथे मात्र ती भिंत तुटलेली आहे, तिथे पाण्यात उतरू नये. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि तिथल्या हिंदूंना पवित्र असलेल्या गंगा तलावाचे दर्शन रिसॉर्टवरून अर्ध्या दिवसात होते. फक्त जानेवारी ते मार्च हा तिथे चक्रीवादळांचा मुख्य काळ असल्याने फेब्रुवारीऐवजी ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर धरावा लागेल. फेब्रुवारीच पक्का असेल तर मालदीवच बरे, कारण तिथे तो कोरडा हंगाम असतो.

कुठेही गेलात तरी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि विम्याच्या अर्जात गुडघ्याचे दुखणे, रक्तदाब, मधुमेह असे जे काही असेल ते सर्व लिहावे. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच मागून घ्या. तिला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि मुंबईच्या टर्मिनल २ मधले अंतर पाहता त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

कऱ्हाडची लेक

काकू, मी मुलीच्या बाजूने लिहिते. मी आईबाबांना नेले, तेव्हा बेट आणि विमान यांच्या चौकशीत एक गोष्ट विचारायची राहतेच असे लक्षात आले: न्हाणीघराला दार आहे का? ही घरे नवविवाहित जोडप्यांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. न्हाणीघराची भिंत काचेची किंवा वर उघडे आकाश, आणि खोलीत एकच मोठा पलंग. आई आणि मुलगी येत आहोत, दोन वेगळे पलंग हवेत, असे लेखी कळवून त्यांचे लेखी उत्तर घ्या. नाहीतर पलंगावर गुलाबपाकळ्यांचा बदाम तुमचे स्वागत करील.

खर्चाविषयी: मुलगी ऐकत नसेल तर निम्म्याचा हट्ट सोडा आणि एखादी अख्खी बाब स्वतःकडे घ्या, म्हणजे विमानाची तिकिटे, विमा आणि साताऱ्याहून मुंबईपर्यंतची गाडी तुमची, रिसॉर्ट तिचे. तिथे गेल्यावर प्रत्येक चहाच्या किमतीचे रुपये करून सांगू नका. माझ्या वडिलांनी ते केले आणि आम्ही दोघी बहिणी चहाच टाळू लागलो. दुपारचे दोन-तीन तास दोघींनी वेगवेगळे घालवायचे, हेही निघण्यापूर्वी बोलून ठेवा, कारण नोकरी करणाऱ्या मुलीला सुट्टीत झोप हवी असते आणि ती झोपली की आपल्याकडे दुर्लक्ष झाले असे आईला वाटते.

निवृत्त शिक्षिका, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. मुलीशी बोलले. रजा फेब्रुवारीतच असल्याने मालदीव, वाळूवरचे घर आणि स्पीडबोटीचे बेट असे ठरत आहे. मला पुस्तक पुरते, त्यामुळे कोंडल्यासारखे होणार नाही. आता तीन शंका उरल्या आहेत: पाण्यात उतरताना कपडे कोणते घालावेत, गुडघ्याच्या गोळ्या नेता येतात का, आणि आरक्षण कोणाच्या नावे करावे?

मिरज जंक्शन

पाण्यात साडी किंवा सुती सलवार नकोच. कापड भिजून जड होते आणि पायांत गुंडाळते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख पुण्यात खेळाच्या दुकानांत मिळतो. प्रवाळाचे तुकडे टोचतात म्हणून रबरी बूट घाला, आणि रिसॉर्टकडून जीवरक्षक जॅकेट मागून घ्या. छातीइतक्या पाण्यात चालताना शरीराचा भार हलका होत असल्याने गुडघ्यांना त्रास कमी होतो, हे तुमच्या पथ्यावरच पडेल.

गोळ्यांमध्ये ट्रॅमाडोल किंवा कोडीन आहे का ते डॉक्टरांना विचारा. अशा औषधांवर तिथे कडक नियंत्रण आहे, म्हणून शक्य असल्यास पर्यायी गोळी लिहून घ्या आणि सर्व औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेण्यास मनाई आहे, तेव्हा रोजच्या पूजेतला बाळकृष्ण घरीच राहू द्या. व्हिसा तिथे पोहोचल्यावर विनामूल्य मिळतो. मात्र प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत इमुगा हा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, त्यालाही शुल्क नाही.

परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, गोळा केला जातो आणि तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. तुम्ही विवरणपत्र भरत नसाल, तर पॅकेज मुलीच्या पॅनवर घ्या आणि विमा तेवढा तुम्ही भरा.