काठेवाडी घोडीला ड्रेसाजचं साधं खोगीर कुठलं घेऊ?

खानापूरकर: घोडी काठेवाडी, पाठ अरुंद. ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडनं नेमक्या, तालात हालचाली करून घ्यायची स्वारी, शिकायलोय, बजेट कमी. आत्ताचं खोगीर पुढं टेकतंय, तिथले केस उडालेत, लई वाईट वाटतंय बघा.

निपाणीकर: आधी ते घालायचं बंद करा की. नवं बघताना खाली कापड न टाकता ठेवा, खांद्याच्या हाडामागं बसलं पाहिजे, तुम्ही वर बसल्यावरपण मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, आणि शेवटच्या बरगडीच्या मागं अजिबात जाऊ नये. जाड गादी टाकून अरुंद खोगीर बसत नाही, उलट अजून आवळतं.

चिक्कोडीची ताई: सिंथेटिक घ्या, पुढची लोखंडी पट्टी बदलता येणारं. जुनं घेतलात तर खोगिराचा आतला सांगाडा दाबून बघा, करकरला तर नकोच. आणि स्वतः बसून बघा, मागं पंजाएवढी जागा हवी.

खानापूरकर: थँक्यू ताई, रविवारी घोडीलाच घेऊन जातो.