मोटरमधल्या तांब्याच्या तारेचं पेंडंट: तार काळी पडत नाही, दगड टिकत नाही

निवांत_संध्या:
नमस्कार मंडळी. जुन्या मोटरमधून काढलेली तांब्याची तार घरात बरीच साठलीय. सोबत भोक नसलेले गुळगुळीत दगड, तुटलेल्या सरांचे मणी, जोडीदार हरवलेला एक झुमका आणि बंद घड्याळातली दातेरी चाकं. एवढ्या भांडवलावर पेंडंट करतेय.

जुनाट दिसावं म्हणून उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात बंद करून ठेवलं, तर फक्त कापलेली टोकं आणि पकडीने ओरखडलेल्या जागा काळ्या झाल्या. बाकी तार जशीच्या तशी चकचकीत! शिवाय दगडाला कितीही फेरे दिले तरी तो एका बाजूने सुळकन निसटतो. आणि वरची कडी वळवताना तार तुटते ती वेगळीच. डाख देऊन टाकू का? सोल्डरिंग गन आहे घरात.

वाइंडिंगवाले_काका:
संध्याताई, तुमचं अंडं निर्दोष आहे. तार उघडी नाहीये. मोटरी भरण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो, वाइंडिंगच्या तारेवर पारदर्शक इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप असतो. तो नसता तर शेजारशेजारचे वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले असते. अंड्यातून सुटणारा गंधकाचा वायू त्यातून तांब्यापर्यंत पोचतच नाही. खात्री करायची तर मल्टिमीटर घ्या आणि तारेच्या मधल्या भागात दोन ठिकाणी हलकेच टोकं टेकवा. बीप वाजला नाही तर इनॅमल शाबूत आहे. ब्लेडने खरवडलंत की खालून गुलाबीसर तांबं दिसेल.

गॅसवर धरून जाळायला जाऊ नका. मोटरच्या तारेवरचा थर बहुतेक वेळा पॉलिस्टर जातीचा असतो. तो कोळसा होऊन चिकटून बसतो आणि धूर छातीत जातो. थोडीच तार हवी असेल तर पॉलिश पेपर दुमडून त्यातून ओढून काढा. जास्त हवी असेल तर तो नाद सोडा आणि घराच्या वायरिंगमधली एकेरी जाड तार घ्या. वरचं प्लॅस्टिक ब्लेडने उभं चिरून सोला, तेही जाळायचं नाही. आतलं तांबं शुद्ध आणि मऊ असतं. 1 चौरस मिलिमीटरची एकेरी तार म्हणजे सुमारे 1.13 मिमी जाडी, दगडाच्या चौकटीला झकास.

जाडी कायम मिलिमीटरमध्येच बोला. दागिने शिकवणाऱ्या व्हिडिओंतलं 20 गेज बहुधा अमेरिकन, म्हणजे 0.81 मिमी. आम्हा वाइंडिंगवाल्यांचं 20 गेज ब्रिटिश, 0.91 मिमी. त्या फरकात मण्याच्या भोकातून तार जाता जात नाही.

आता दगड. गुळगुळीत दगडाला नुसते फेरे मारले की तो निसटणारच, त्याला पिंजरा लागतो. जाड तारेचे तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवा आणि मधोमध 0.4 मिमीच्या तारेने पाच-सहा घट्ट वेढे द्या. हा बांध दगडाच्या तळाशी येईल. तिन्ही तारा दोन्ही कडांवरून वर न्या, माथ्यावर पुन्हा बांधा. मग पुढची तार पुढे आणि मागची मागे अशी दगडाच्या तोंडावर किंचित ओढून घ्या. मधली कडेवरच राहील. एवढं झालं की नोजप्लायरने पुढच्या तारेला चार ठिकाणी छोटी मुरड घाला. प्रत्येक मुरडीबरोबर तार आखडते आणि दगड आवळला जातो. हलवून बघा, खुळखुळला तर मागच्या तारेलाही एक मुरड. वेढे वाढवून काही होत नाही.

तुटण्याचं कारण म्हणजे तांबं वाकवलं की कडक होतं. एकदा वळवलेली तार सरळ करून पुन्हा तिथेच वळवली की गेलीच समजा. उघडी तार (दगड लावायच्या आधी!) अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. पुन्हा मेणासारखी मऊ. वरची काळी पापडी कोमट सायट्रिक ॲसिडमध्ये निघते.

आणि डाख कशाला? इलेक्ट्रॉनिक्सच्या डाखात बऱ्याचदा शिसं असतं, ते अंगावर नको. अलेक्झांडर काल्डर हा मोठा शिल्पकार, त्याने सुमारे 1,800 दागिने केले, तेही बहुतेक तार ठोकून, वळवून, रिव्हेट मारून. फुटक्या काचा आणि खापराचे तुकडेसुद्धा त्याने वापरले. तुमची दातेरी चाकं त्याला आवडली असती.

खडेवाली:
काकांना अनुमोदन. दगडांबद्दल माझी एक भर. मोती, पोवळं, मॅलकाइट यांना ॲसिड अजिबात दाखवू नका. लिंबू-मीठ आणि चिंचसुद्धा त्यात आलं. तिन्ही कार्बोनेट, पृष्ठभाग खाल्ला जातो. फिरोजा सच्छिद्र असतो, तो डाग धरतो. असे खडे असतील तर तार आधी काळी करून मग बांधा. स्फटिक, अकीक यांना तयार झाल्यावर अंड्याच्या डब्यात ठेवलं तरी चालतं. नंतर अगदी बारीक स्टील वूलने वरवर घासा. उंचवटे उजळतात, वेढ्यांच्या खाचा काळ्याच राहतात.

घोळू_नको:
एवढं सगळं करून गळा हिरवा झाला तर? मी नेलपॉलिश मारतो, बात खल्लास.

वाइंडिंगवाले_काका:
नेलपॉलिश वाकणाऱ्या जागी तडकतं, मग त्या भेगेत घाम साचून तिथेच आधी कळकतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण चोळा. तेही अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. हिरवा डाग साबणाने जातो, घाबरण्यासारखं नाही.

निवांत_संध्या:
मीटर लावला, बीप नाही! इनॅमलच आहे. काका, मग या तारेचं करू काय? टाकवत नाही हो. आणि एकट्या झुमक्याचं?

वाइंडिंगवाले_काका:
टाकायची कशाला? बारीक असेल ती बांधायला वापरा. चौकट काळी आणि बांध लालसर चकचकीत, मुद्दामहून केल्यासारखं दिसतं. फक्त पकडीच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर ओरखड्यांवर काळे ठिपके येतील. झुमका पिंजऱ्याच्या तळच्या बांधात कडी घालून खाली लटकवा. मुलामा निकेलचा असू शकतो, ॲलर्जी असणाऱ्या कुणाला द्यायचा असेल तर आधी विचारा. उद्या कानातली करायला घेतलीत तर कानात जाणारी आकडी तांब्याची नको, चांदीची किंवा टायटॅनियमची लावा. पिंजरा झाला की मागच्या बाजूचा फोटो टाका, पुढचा नको. बांध मागूनच कळतो.