कढीपत्ता नुसता उंच चाललाय, शेंडा खुडू का?

ग्रिलमधली_बाग:
परळला चौथ्या मजल्यावर राहते, खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. झाड काठीसारखं सरळ वर चाललंय, एक फांदी नाही, आता पत्र्याला टेकेल. सासूबाई म्हणतात शेंडा खुड, आपोआप पसरेल. पण जिथून वाढतंय तेच तोडलं तर वाढ थांबणार नाही का? नर्सरीवाला म्हणतो मुळं फुटायची पावडर मातीत टाका, ग्रोथ हार्मोन आहे. टाकू?

बॉटनीवाला_डोंबिवली:
सासूबाईंचं ऐका ताई. शेंड्यात ऑक्झिन नावाचं हार्मोन बनतं, ते खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यातले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब जातो, डोळे फुटायला लावणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या हार्मोनला वाव मिळतो, शिवाय शेंड्याच्या वाटणीची साखरही डोळ्यांकडे वळते, मग फुटवे येतात. कापताना पानाच्या देठाच्या जरा वर कापा म्हणजे डोळा शाबूत राहील.

पावडर अजिबात नको. त्यात बहुतेक आयबीए असतं, म्हणजे ऑक्झिनच, ते कटिंगच्या, म्हणजे नवं रोप करायला कापलेल्या फांदीच्या, बुडाला जरासं लावायचं. खोडाला जेवढं ऑक्झिन मानवतं तेवढ्यात मुळांची लांबी खुंटते, त्यामुळे चांगल्या रुजलेल्या झाडाच्या मातीत ओतून काय मिळवणार? २,४-डी नावाचं तणनाशक पण कृत्रिम ऑक्झिनच आहे, रुंद पानाचं तण त्याने वेडंवाकडं वाढून मरतं आणि भाताला फारसं काही होत नाही.

ग्रिलमधली_बाग:
म्हणजे तेच वाढवणार आणि तेच मारणार?? मग ग्रोथ हार्मोन कशाला म्हणतात!

देवगडकर:
किती, कुठे आणि कधी यावर सगळं आहे हो. आमच्याकडे हापूसला पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार घालतात, ते पॅक्लोब्युट्राझोल, झाडाला जिबरेलिन हे उंची वाढवणारं हार्मोन बनवू देत नाही. पालवी कमी येते आणि मोहोर लवकर धरतो, म्हणजे वाढ अडवूनच फळ काढायचं. आणि तिकडे नाशिकचे द्राक्षवाले तेच जिबरेलिन, ते जीए म्हणतात, बाहेरून देतात, मणी लांबतात आणि फुगतात. मुळात जिबरेलिन सापडलंच एका रोगात, भाताची रोपं उंच, फिकी होऊन लोळायची, त्यामागे बुरशीतून येणारं काहीतरी आहे हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावाने १९२६ मध्ये दाखवलं. कल्टारचा अतिरेक मात्र वाईट, दरवर्षी घालून झाडं खुरटलेली पाहिलीत.

ग्रिलमधली_बाग:
बापरे. आमचं झाड बाहेरच्या बाजूला वाकलंय पण, तेही हार्मोनच का?

बॉटनीवाला_डोंबिवली:
हो, उजेड एकाच बाजूने येतो ना. ऑक्झिन सावलीच्या बाजूला सरकतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात, झाड उजेडाकडे झुकतं. कुंडी आठवड्याला अर्धी फिरवत जा. आणि कापून झाल्यावर लगेच खत नको, फुटवे दिसले की मग शेणखत द्या.