रिफर्बिश्ड एअर पिस्तूल घेताना काय तपासावं? आणि कंपनीला मेल कसा लिहावा?

भुसावळकर_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते. क्लबच्या पिस्तुलावर सराव चालू आहे, आता स्वतःचं घेऊन द्यायचंय. नवं युरोपियन पिस्तूल आमच्या आवाक्याबाहेर आहे. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे रिफर्बिश्ड (जुनं, दुरुस्त करून विकायला ठेवलेलं) पीसीपी पिस्तूल, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं, मिळतंय. मेकॅनिकल ट्रिगर, उजव्या हाताची एम साइजची ग्रिप, सोबत एकच सिलिंडर. "सगळे सील नवे टाकलेत, सर्व्हिस झालेली आहे" असं तो सांगतो. सिलिंडरवर ०९/२०१७ असं कोरलेलं आहे.

कंपनीला सिरीयल नंबर पाठवून विचारलं, तर एका ओळीचं उत्तर आलं, की तुमच्या देशातल्या विक्रेत्याशी बोला. ज्याच्याकडून घेतोय त्याच्याबद्दलच तर विचारत होतो!

परवाना लागतो का, पुण्याला गेल्यावर तासाभरात काय काय तपासून घ्यायचं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सिलिंडरला धोका आहे का, हे जाणकारांनी सांगावं.

पांझराकाठ (धुळे)

दादा, परवान्याचं आधी सांगतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली मझल एनर्जी (नळीतून सुटताना छऱ्यात असलेली ऊर्जा) असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा पॅलेट (छर्रा) साधारण सेकंदाला १५० मीटरने फेकतं. हिशेब केला तर साडेपाच-पावणेसहा ज्यूल होतात. तेव्हा ती काळजी सोडा. मात्र बिल पक्कं घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि बिलाची प्रत कायम केसमध्ये ठेवा. रेल्वेत किंवा हायवेवर कुणी केस उघडायला लावली तर तोच कागद कामाला येतो. मूळ मालकाचं बिलही मागा. क्लबचं किंवा एखाद्या योजनेतून आलेलं पिस्तूल कुणाच्या तरी रजिस्टरवर असतं, आणि ते परस्पर विकलं गेलं असेल तर पुढे तुमच्या गळ्यात येईल.

आता सिलिंडर. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत असला पाहिजे आणि ही मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. ०९/२०१७ ही बनवल्याची तारीख असेल तर सप्टेंबर २०२७ नंतर तो स्पर्धेत चालणार नाही. तो मुदतीत ठेवण्याची जबाबदारी खेळाडूची असते, विक्रेत्याची नाही. दिसायला कितीही चकचकीत असला तरी उपयोग नाही, कारण २०० बारची (बार हे दाबाचं माप) भरण-रिकामं करण्याची चक्रं धातू सोसत असतो आणि त्याचा थकवा बाहेरून दिसत नाही. म्हणून भाव ठरवताना नव्या सिलिंडरची किंमत थेट वजा करून बोला. विक्रेता म्हणेल "अजून वेळ आहे की". असू द्या. तुमच्या मुलीला पुढची चार-पाच वर्षं खेळायचंय.

उन्हाळ्याचं विचारलंत ते बरं केलंत. हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. सकाळी २५ अंशात २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशात २१३ च्या आसपास जातो. ही झाली सावलीतली गोष्ट. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलात तर तापमान कुठल्या कुठे जातं. एप्रिल ते जून १८० बारच्या वर भरूच नका, आणि भुसावळच्या उन्हात गाडीच्या डिकीत केस ठेवू नका.

याच हिशेबाची उलटी बाजू लीक तपासताना लोकांना फसवते. दुपारी ४५ अंशात २०० भरलं आणि पहाटे २८ अंशात बघितलं तर काटा १८९ वर दिसणारच. तो लीक नव्हे. तपासणी नेहमी एकाच तापमानाला करा: आज सकाळी सातला काटा बघितला तर उद्याही सकाळी सातलाच.

ओरिंगवाला (शिरपूर)

"सगळे सील नवे" हे तोंडी ऐकून घेऊ नका. कुठले सील, किती, कंपनीच्या किटमधले की बाजारातल्या ओ-रिंगा, कुठल्या तारखेला टाकले, हे बिलावर लिहून मागा. शक्य तर जुने काढलेले सील पिशवीत घालून द्यायला सांगा. ज्याने खरंच काम केलंय तो कुरकुर न करता देतो.

ओ-रिंग मापाला बसली म्हणजे चालली असं नाही. रबर किती कडक आहे आणि कुठल्या जातीचं आहे यावर सगळं असतं. पंपाच्या दुकानातली मऊ रिंग २०० बारला कडेच्या फटीत ढकलली जाते, तिची कड कुरतडली जाते आणि महिनाभरात फुसफुस सुरू होते.

पुण्याला जाताना आपल्या सरावाचे पॅलेट सोबत न्या आणि क्रोनोग्राफ (पॅलेटचा वेग मोजणारं यंत्र) आहे का ते आधीच फोनवर विचारा. नसेल तर क्लबचा मागून न्या. त्याच्याशिवाय रेग्युलेटरची, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाची, अवस्था कळत नाही.

पोचल्यावर पहिलं काम लीकचं. सिलिंडर १८० ते २०० बार भरून काटा बघा, आकडा दिसेल असा फोटो काढा आणि सिलिंडर पिस्तुलाला लावून बाजूला ठेवा. तासाभरात मोठी गळती दिसेल, बारीक दिसणार नाही. म्हणून विक्रेत्याला आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायला सांगा आणि फोटो मागवा. काटा पडला तर सिलिंडर काढून वेगळा ठेवायचा. एकटा सिलिंडर दाब धरतो पण पिस्तुलाला लावल्यावर पडतो, तर दोष पिस्तुलाच्या आत, बहुतेक रेग्युलेटरच्या सीलमध्ये. एकटाच पडतो, तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. हे दोन वेगळे खर्च आहेत. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की बुडबुडा लगेच दिसतो.

मग वेग. सलग दहा शॉट मारा, प्रत्येकाचा आकडा लिहा. पहिला आणि शेवटचा धरून सगळे तीन-चार मीटर प्रति सेकंदाच्या आत राहिले तर रेग्युलेटर ठीक. पुढची पायरी बहुतेक जण विसरतात: पिस्तूल तसंच दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग एकच शॉट मारा. आधी सरासरी १५० होती आणि हा शॉट १५८ दाखवतोय, तर रेग्युलेटरची बैठक झिजलीय. उच्च दाबाची हवा हळूहळू पुढच्या कप्प्यात शिरतेय. कागदावर हे असं दिसतं, की मुलगी थोडा वेळ थांबली की पहिला शॉट विनाकारण वर जातो, आणि प्रशिक्षक तिच्या मनगटाला दोष देत राहतात.

ब्रीचचा (नळीच्या मागच्या, पॅलेट भरायच्या तोंडाचा) सील बघायला टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद पट्टी ब्रीचच्या जोडावर सैल धरा, नळी लक्ष्याकडेच, आणि शॉट मारा. पट्टी फडफडली तर तिथून हवा सुटतेय. ही रिंग स्वस्त आहे आणि बदलायला सोपी, तेवढ्यावरून सौदा मोडू नका. नळीत लोखंडी सळई घातल्याच्या खुणा असतील तर मात्र मोडा. नळी मागून पुढे, फेल्टच्या पॅलेटने साफ करायची असते.

शेवटी पिस्तूल टेकूवर घट्ट धरून १० मीटरवर पाच-पाच शॉटचे तीन गट काढा. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. टेकूवरून मारलेले पाचही शॉट एकाच भोकात, कडा जेमतेम फाटल्यासारखे दिसले पाहिजेत. पसरले तर लगेच नळीला दोष देऊ नका. ४.४९ आणि ४.५० अशा दोन मापांचे पॅलेट लावून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

भुसावळकर_बाबा

खूप उपयोगी, धन्यवाद. भुसावळमध्ये हवा कुठे भरायची हाही प्रश्न आहेच. आमच्या गल्लीतला वेल्डिंगवाला म्हणतो, माझ्याकडचा सिलिंडर १५० बारचा आहे, त्यातून भरून देतो. चालेल का?

ओरिंगवाला (शिरपूर)

अजिबात नाही! तो ऑक्सिजन आहे. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा एक थेंब एकत्र आला की स्फोट होतो, आणि तो मुलीच्या चेहऱ्याजवळ होईल. वेल्डिंगवाल्याच्या नळीला, पान्याला, हाताला तेल असणारच.

साध्या कोरड्या हवेशिवाय काहीही भरायचं नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारच्या पुढे जात नाही, त्यामुळे तोही बाद. दोन मार्ग उरतात. एक, तीन टप्प्यांचा हातपंप. सिलिंडर लहान असतो, त्यामुळे १०० वरून १८० पर्यंत न्यायला मोठा माणूस पुरतो. पन्नास-एक ठोक्यांनंतर पंप गार होऊ द्या, नाहीतर त्याचेच सील जळतात. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते, पण जुलै ते सप्टेंबर हवेतलं पाणी दाबाखाली सिलिंडरात उतरतं आणि रेग्युलेटर गंजतो. दुसरा मार्ग, क्लबने मिळून श्वसनाच्या हवेची मोठी टाकी घ्यायची. अग्निशमनाच्या श्वसनयंत्रांत हवा भरणारे ती भरून देतात. टाकीची हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख बघून घ्या. भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा, एकदम सोडलं की सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो.

सीलला लावायचं तर फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर दिसेल न दिसेल इतकं. शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी-४०, गाडीचं ग्रीस हे हवेच्या मार्गात कधीच नाही.

केळीबाग (रावेर)

कंपनीच्या मेलबद्दल लिहितो, ते राहिलंच.

या कंपन्या लहान आहेत. स्टायर स्पोर्ट ऑस्ट्रियात एर्न्स्टहोफेनला, मोरिनी स्वित्झर्लंडमध्ये बेडानोला, फाइनवेर्कबाऊ जर्मनीत ओबर्नडॉर्फला, पार्डिनी इटलीत लिडो दि कामायोरेला. तुम्ही "हे पिस्तूल चांगलं आहे का" असं मोघम विचारलं की विक्रेत्याकडे पाठवणारी एक ओळ येते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत देता येतं असं विचारा.

विषयाच्या ओळीतच मॉडेल आणि सिरीयल नंबर टाका. मजकूर साध्या इंग्रजीत, प्रश्नांना क्रमांक देऊन. पहिला, या नंबरचं पिस्तूल कुठल्या वर्षी बनलं आणि कारखान्यात सर्व्हिस झाल्याची नोंद आहे का. दुसरा, सिलिंडरवरची ०९/२०१७ ही तारीख बनवल्याची की मुदत संपण्याची. तिसरा, सध्या विकला जाणारा सिलिंडर याच आट्यांवर बसतो का. चौथा, या मॉडेलच्या संपूर्ण सील किटचा पार्ट नंबर काय. पाचवा, भारतात अधिकृत सर्व्हिस कोण करतं. सोबत नंबर स्पष्ट दिसेल असे दोन फोटो. पुढे कधी बिघाड कळवायचा असेल तर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ, दहा शॉटचे वेग, पॅलेटचं वजन आणि भरलेला दाब एवढं एकदम पाठवा, म्हणजे "आणखी माहिती द्या" अशा मेलमध्ये आठवडा जात नाही.

ऑगस्टमध्ये युरोपातले कारखाने सुट्टीवर असतात, तसेच नाताळ ते नवं वर्ष. दहा कामाचे दिवस वाट बघा, आणि उत्तर आलं नाही तर नवा मेल न लिहिता त्याच मेलखाली आठवण करा. नवा मेल म्हणजे त्यांच्याकडे नवी फाइल. फोन करायचा तर आपली दुपार गाठा, उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार.

वॉरंटीची आशा धरू नका, ती सहसा पहिल्या खरेदीदाराची असते. विक्रेत्याकडून मात्र लेखी सहा महिने मागा, सील आणि रेग्युलेटर दोन्ही धरून.

सुटे भाग थेट मागवताना कस्टम्स आडवं येतं. एअर पिस्तूल शुल्काच्या ९३०४ शीर्षात, त्याचे भाग ९३०५ मध्ये. पाकिटावर नेमकं वर्णन आणि खरी किंमत हवी, तुमचं केवायसी कुरियरकडे आधीच दिलेलं हवं. "भेटवस्तू" वगैरे लिहायला सांगू नका, पकडलं की माल अडकतो. सिलिंडर तर थेट मागवूच नका, दाबाचं भांडं म्हणून हमखास अडतो. तो भारतातल्या आयातदाराकडूनच घ्या.

नेम_अमळनेर

दोन गोष्टी राहिल्या, त्या लहान मुलींच्या बाबतीत फार महत्त्वाच्या.

ग्रिप एम साइजची आहे म्हणता. नववीतल्या मुलीला बहुधा एस किंवा एक्सएस लागेल. तिला सोबत न्या. ग्रिप धरल्यावर बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ आलं पाहिजे, मनगट न वळवता. जुन्या मालकाने ग्रिप तासून, पुट्टी भरून स्वतःच्या हाताची केलेली असते. तिच्यावर पुन्हा पुट्टी चढवण्यापेक्षा नवी ग्रिप घ्या. पिस्तूल ग्रिपसकट ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, हेही मोजून घ्या. पुट्टीने जाड झालेली ग्रिप ५० मिमीतच अडते.

ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. तपासणीत नळी उभी धरून ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगतात, पिस्तुलाने ते सुटल्याशिवाय उचललं पाहिजे. विक्रेत्याकडे वजन असतंच, तिथेच दहा वेळा उचलून बघा. मधूनच सुटत असेल तर सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर अडवून धरणाऱ्या भागाची) कड झिजलीय, नुसता स्क्रू फिरवून ते टिकत नाही. ठीक असेल तर ५१० ते ५२० वर लावून घ्या.

मेकॅनिकल ट्रिगर घेताय ते चांगलंच. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर स्वच्छ सुटतो, पण बिघडला तर रेंजवर दुरुस्त करणं अवघड असतं. ऐन वेळचा कुठलाही बिघाड किती महागात पडतो ते बघा: २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीतच मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

आणि पिस्तूल कुरियरने मागवणार असाल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून, वेगळा काढून पाठवायला सांगा. भरलेला सिलिंडर विमानाच्या मालात चालत नाही. त्यापेक्षा पुण्याहून रेल्वेने स्वतः घेऊन या. तपासायला तर जाणारच आहात.