मदत हवी आहे: पुढच्या चाकाचं बेअरिंग, रेस नकलमध्ये अडकलीय आणि बॉल जॉइंटचा बोल्ट जाम

नमस्कार मंडळी, गाडी स्टँडवर उभी आहे, डावं पुढचं चाक खोललेलं आहे आणि चवथ तोंडावर आलीय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी प्लीज सांगा.

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, एबीएस नाही. आम्ही चोडणला राहतो, रोज रायबंदरची फेरीबोट, भरती असली की धक्क्याच्या उतारावर चाकं मांडवीच्या खाऱ्या पाण्यातून जातात आणि वर चार महिने पाऊस, मग खालचं सगळं गंजणारच. पन्नासच्या पुढे गेलं की घूंऽऽ आवाज, उजवीकडे वळताना वाढायचा आणि डावीकडे वळताना जवळजवळ बंद, म्हणजे भार डाव्या चाकावर आला की ओरडायचं. चाक उचलून एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरवलं तर खरखर बोटांना लागत होती. टायरचा आवाज असता तर ती लागली नसती, तेव्हा बेअरिंगच.

एक्सल नटची ठोकून बसवलेली कड छिन्नीने उघडली आणि गाडी जमिनीवर असतानाच पान्ह्याला लांब पाइप लावून तो सोडवला. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगलाय, त्याच्या होजवर ताण नाही. शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) हबमध्ये (ज्यावर चाक बसतं तो भाग) गंजून बसला होता, तो नट टोकाबरोबर ठेवून वर पितळेचा तुकडा धरून ठोकल्यावर सुटला. स्लाइड हॅमरने हब आला पण बेअरिंग मधूनच फाटलं, आतली एक रेस (बेअरिंगची कडी) हबबरोबर आली आणि बाहेरची नकलमध्येच (बेअरिंग आणि हब धरणारा ओतीव भाग) राहिली. हबवरच्या रेसला ग्राइंडरने तिरका काप देऊन छिन्नीने तडकवणार आहे, पूर्ण कापणार नाही कारण खाली हबला चरा पडला तर नवीन बेअरिंग नीट बसणार नाही. ते होईल.

अडलंय ते नकलपाशी. बेअरिंगला खाचेत अडवून धरणाऱ्या सर्क्लिपच्या एका बाजूचं भोक गंजून गेलंय, पक्कडीला धरायलाच काही नाही. डब्ल्यूडी फॉर्टी मारून रात्रभर ठेवलं, टोकाने टोकरून खाचेतली माती काढली, क्लिप किंचित हलतेय पण बाहेर येत नाही. बारीक छिन्नीने मधे तोडावी का, खाच खराब न होता?

दुसरं म्हणजे बॉल जॉइंटचा (नकल खालच्या आर्मला जोडणारा सांधा) पिंच बोल्ट, म्हणजे तो आवळून धरणारा. नट निघाला, बोल्ट जागचा हलत नाही. तो बॉल जॉइंटच्या खाचेतून आडवा जातो त्यामुळे पूर्ण बाहेर आल्याशिवाय नकल सुटणार नाही, आणि जास्त ठोकला तर टोक फुलून अजून घट्ट होईल. टॉर्चने तापवावा तर शेजारीच बॉल जॉइंटचं रबर आणि ग्रीस. यापेक्षा बोल्ट तसाच ठेवून स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकचा खांब) दोन बोल्ट, स्टीअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म बॉडीकडून खोलून सगळं एकत्र काढलं तर? मला तरी हेच बरं वाटतंय, कुणी केलंय का?

सर्क्लिप निघाल्यावर रेससाठी एक उपाय ऐकलाय, रेसच्या आत गोल वेल्डिंग फिरवायचं, थंड होताना ती आकसते आणि सैल पडते. ओतीव नकलला याने तडा जातो का? नकल सुटी करूनच हे करेन, गाडीवर वेल्डिंग नको.

नवीन बेअरिंग ठोकून बसवणार नाही, प्रेसच हवा. नकलमध्ये घालताना दाब बाहेरच्या रेसवर आणि हब घालताना आतल्या रेसला खालून आधार, हे जाणून करणारा लेथवाला डिचोली, म्हापसा किंवा कुंडईकडे माहीत असेल तर कुठल्या भागात ते सांगा, नकल स्कूटरवर घालून घेऊन येतो.