मदत हवी आहे: बाटल्यांवर नाव नीट उठत नाही, कोणतं लेसर मशीन घेऊ?

कोरीव
जरा लवकर उत्तर हवं आहे. माझा लेसरवर नेमप्लेट आणि किचेन करून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. बरा चाललाय, आता वाढवायचाय. पहिल्यांदाच एका ऑफिसकडून स्टीलच्या बाटल्यांची मोठी ऑर्डर आली आहे, प्रत्येक बाटलीवर वेगळं नाव. नमुना करून पाहिला तर मधली अक्षरं झकास येतात आणि कडेची पुसट. पॉवर वाढवली तरी तेच. याच मशीनवर लाकडावर सुंदर काम होतं, म्हणजे सेटिंगचा प्रश्न नाही, मशीनची ताकदच कमी पडतेय. कोणतं मशीन घ्यावं ते सांगा. ही ऑर्डर मला हातची घालवायची नाही.

किशोर_टी
सध्याचं मशीन कोणतं? लेसरचा प्रकार कोणता, डायोड, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) की फायबर? वॅट किती? सॉफ्टवेअर कोणतं वापरता? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं अवघड आहे.

कोरीव
साधं टेबलावर ठेवायचं लेसर मशीन आहे. २० वॅट लिहिलंय. नवीन कोणतं घ्यावं एवढंच सांगा.

धातुकाम
स्टील म्हटलं की फायबर. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश धातू चांगला शोषतो. सीओटूचा १०,६०० नॅनोमीटरचा असतो, तो उघड्या स्टीलवरून बराचसा परत फिरतो. शिवाय फायबरच्या मार्किंग मशीनमध्ये गॅल्व्हो असतो. अख्खं हेड सरकत नाही, दोन छोटे आरसे फिरतात, त्यामुळे मिनिटांचं काम सेकंदांत होतं. मी अवजारं, पट्ट्या, सगळं त्यावरच करतो. डोळे झाकून घ्या.

किशोर_टी
@कोरीव, २० वॅट हा आकडा पुष्कळदा मशीन विजेतून किती ओढतं त्याचा असतो. प्रकाश म्हणून बाहेर किती पडतं तो आकडा वेगळा आणि बराच लहान असतो. माहितीपत्रकात 'ऑप्टिकल पॉवर' असं काही लिहिलंय का बघा. आणि चालू असताना किरण निळा दिसतो का?

कोरीव
हो, निळा. ऑप्टिकल ५ वॅट लिहिलंय. म्हणजे ताकद कमीच ना? तेच म्हणतेय मी.

शलाका
एवढ्यात नवीन मशीनच्या मागे लागू नका. मी सीओटूवर मार्किंग स्प्रे मारून स्टील करते. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, लेसर फिरवायचा आणि उरलेला स्प्रे धुवून टाकायचा. लेसर फिरला तिथे काळं पक्कं बसतं, नखाने खरवडून निघत नाही. डायोडवरही हे जमतं, फक्त वेग खूप कमी ठेवावा लागतो.

धातुकाम
मोठ्या ऑर्डरीत प्रत्येक बाटली फवारा, वाळवा, धुवा? आणि थर कुठे जाड कुठे पातळ बसला की नाव कुठे गडद कुठे फिकट. धंदा वाढवायचा आहे त्यांना, हातमजुरी नाही.

शलाका
ओळीने मांडून फवारलं की शेवटची फवारून होईपर्यंत पहिली वाळलेली असते. आणि फायबरने तापवून काळं केलेलं स्टील जास्त तापलं तर तिथे पुढे गंज धरतो, ते का सांगत नाही? स्टेनलेसला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थरच तिथे बिघडतो. पाण्याची बाटली रोज धुतली जाते.

धातुकाम
तो सेटिंगचा दोष झाला, मशीनचा नाही. फ्रिक्वेन्सी आणि वेग जमवला, एकाच जागी उष्णता साचू दिली नाही, तर काही होत नाही.

गिरमिट
व्यवसाय वाढवायचा तर मशीनपेक्षा नमुन्यांचा फळा करा. लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक, चामडं, रंगवलेला धातू, प्रत्येकाचा हातभर तुकडा, त्यावर बारीक, मध्यम आणि ठळक अक्षरं. गिऱ्हाईक हात लावून बघतं आणि स्वतःच ठरवतं. माझ्याकडे त्या फळ्यापुढे लोक उभे राहतात आणि जी वस्तू घ्यायला आलेलेच नसतात तीही सांगून जातात. ॲक्रिलिकचा तुकडा कास्टचा, म्हणजे साच्यात ओतलेला घ्या. त्याच्यावर खोदकाम दुधी पांढरं उठतं. एक्स्ट्रूडेडवर, म्हणजे दाबून काढलेल्यावर, पारदर्शक आणि चिकट दिसतं, नजरेत भरत नाही.

कोरीव
गिरमिट, कल्पना छान आहे, पण आत्ता माझा जीव बाटल्यांमध्ये अडकलाय.

किशोर_टी
@गिरमिट, त्यांचा किरण निळा आहे, म्हणजे डायोड. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार जातो, काहीच उठणार नाही. ते काम सीओटूचं.

पटाशी
थोडं थांबा सगळे. कोरीव, तीन गोष्टी सांगा. बाटली उघड्या स्टीलची आहे की वर रंग आहे? व्यास किती? आणि नाव बाटलीच्या गोलाईवर आडवं लिहिताय की लांबीच्या दिशेने? मधलं अक्षर झकास येतंय याचा अर्थ लेसर पुरतोय. न पुरणारा लेसर सगळीकडेच पुसट उठेल.

कोरीव
वर काळा खरखरीत रंग आहे, पावडर कोटिंग म्हणतात तो. रंग उडून खालचं स्टील दिसतं, तसंच हवं आहे त्यांना. व्यास ७० मिमी. नाव गोलाईवर आडवं, साधारण ५० मिमी रुंद. बाटली आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावते म्हणजे घरंगळत नाही.

शलाका
रंग आहे हे आधी सांगायचं ना! मग स्प्रेची गरजच नाही. माझं सगळं सांगणं उघड्या स्टीलसाठी होतं.

पटाशी
आता कळलं. हे फोकसचं दुखणं आहे. हिशोब करा: ७० मिमी व्यासाच्या बाटलीची त्रिज्या ३५. नाव ५० मिमी रुंद, म्हणजे मधल्यापासून कडेचं अक्षर २५ मिमी दूर. ३५ चा वर्ग वजा २५ चा वर्ग ६००, त्याचं वर्गमूळ साधारण २४.५. ३५ मधून ते वजा केलं की १०.५. म्हणजे कडेचं अक्षर मधल्यापेक्षा साडेदहा मिलिमीटर खाली आहे. डायोडचा ठिपका फोकसपासून दोनेक मिलिमीटर सरकला तरी पसरायला लागतो, इथे तर तो पार विस्कटतो. ठिपका दुप्पट रुंद झाला की त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढ्याच जागेला मिळणारी ताकद पावपट उरते. पॉवर वाढवून हे भरून निघत नाही, उलट मधलं अक्षर जास्त भाजतं.

उपाय आजच करता येईल. नाव बाटलीच्या लांबीच्या दिशेने लिहा, बुडापासून तोंडाकडे. आता गोलाईवर फक्त अक्षराची उंची येते. उंची १२ मिमी धरली तर कड मधल्यापेक्षा अर्धाच मिलिमीटर खाली जाते, तेवढं खपून जातं. बाटली तोंडाकडे निमुळती असेल तर त्या टोकाखाली पट्टी सरकवून वरचा पृष्ठभाग समतल करा. नावाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षराच्या जागी हेडची उंची मोजून बघा, दोन्हीकडे सारखी हवी.

धातुकाम
आणि ऑफिसला नाव आडवंच हवं असेल तर?

पटाशी
तर रोटरी जोडायची. बाटली फिरत राहते आणि लेसरखाली कायम सर्वांत वरचा भाग येतो, मग रुंदी कितीही असो. तिथे परीघ बरोबर भरावा लागतो, ७० मिमीला साधारण २२० मिमी, नाहीतर अक्षरं चेपतात किंवा ताणली जातात. पण आधी उभं लिहून ऑफिसला फोटो पाठवा. बाटल्यांवर उभी नावं छान दिसतात, लोक सहसा हो म्हणतात.

निळीशाई
अवांतर: रंग उडवून खालचा चकचकीत भाग तसाच ठेवायचा ही युक्ती जवळजवळ लेसरइतकीच जुनी आहे. पहिला लेसर १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकावर चालवून दाखवला. पुढे आर्थर शॉलो यांनी लेसरचं खोडरबर केलं होतं. टाइप केलेल्या कागदावर झोत सोडला की काळी शाई प्रकाश शोषून उडून जायची आणि पांढरा कागद तो परत फेकायचा, म्हणून कागद शाबूत राहायचा. याच शॉलो यांना १९८१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सीओटू लेसर १९६४ चा, बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी केलेला. इतकी वर्षं कारखान्यात राबतोय तो.

गिरमिट
वा, खोडरबराचं माहीत नव्हतं. कोरीव, ही बाटल्यांची ऑर्डर झाली की विनाइलचे स्टिकर कापायलाही घ्या. त्याला मागणी पुष्कळ असते.

किशोर_टी
गिरमिट, हे कृपया कुणाला सांगू नका. बहुतेक विनाइल म्हणजे पीव्हीसी. ते लेसरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. माणसाच्या फुप्फुसाला घातक आणि मशीनच्या रॉड-बेअरिंगला गंज चढवतो. त्याला ब्लेडचा कटरच हवा. कोरीव, पावडर कोटिंगचा धूरही खोलीत राहू देऊ नका, पंख्याने नळीतून बाहेर सोडा.

गिरमिट
मी ब्लेडच्या कटरवरच कापतो. ते लिहायला हवं होतं, बरोबर आहे तुमचं.

कोरीव
पटाशी, उभं लिहून पाहिलं. सगळी अक्षरं सारखी आली! ऑफिसलाही आवडलं. पण आता वेगळीच भानगड. शिरोरेषेवर जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे बारीक काळे चौकोन राहतात, तेवढाच रंग उडत नाही. 'मधुरा'मध्ये दोन ठिकाणी. लाकडावर असं कधी दिसलं नाही. आणि एका नावाला आठ मिनिटांच्या वर लागतात. वेग १०००, रेघांमधलं अंतर ०.१ मिमी. एवढ्या बाटल्या कधी व्हायच्या?

किशोर_टी
काळे चौकोन फॉन्टमुळे. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. अक्षरांचं पाथ केलं, म्हणजे त्यांना नुसत्या बाह्यरेषांचे आकार केलं, की चढलेल्या भागावर दोन आकार येतात आणि भराई करताना सॉफ्टवेअर तो भाग पोकळ धरतं, 'ठ'च्या पोटासारखा. आकार एकजीव करायला हवेत. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करा, पाथ करा, ग्रुप सोडवा आणि पाथ मेनूतलं युनियन द्या. लाइटबर्न या लेसर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेल्ड आहे. शिरोरेषा सलग एक झाली की चौकोन जातात. लाकडावर आधी दुसरा फॉन्ट वापरला असेल.

जोडाक्षरंही तपासा. काही प्रोग्रॅममध्ये 'क्ष', 'त्र', 'र्य' फुटतात, तिथे इंकस्केपमधून पाथ करूनच आणायचं.

कोरीव
हो, नेमप्लेटला वेगळा फॉन्ट होता. युनियन केल्यावर स्वच्छ आलं. वेगाचं काय?

पटाशी
नाव ६० बाय १२ मिमी धरू. ०.१ मिमी अंतराने १२० रेघा. प्रत्येक रेघ ६० मिमी, दोन्ही टोकांना वेग घ्यायला-सोडायला ५-५ मिमी, म्हणजे ७०. एकूण ८,४०० मिमी. मिनिटाला १००० ने ८.४ मिनिटं, तुमचं तेच येतंय. वेग ३००० केला तर २.८. अंतर ०.१५ केलं तर रेघा ८० आणि वेळ दोन मिनिटांच्या आत.

या वेगाला रंग उडतो का ते चौकोनांची जाळी करून बघा, एका बाजूने वेग वाढवत आणि दुसऱ्या बाजूने पॉवर. ऑफिसकडून दोन-तीन बाटल्या जास्तीच्या मागून घ्या, त्यावरच करा, दुसऱ्या कुठल्या रंगावर नको. प्रत्येक चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावरच निकाल ठरवा. वर राख बसलेली असते, न पुसता बघितलं की पॉवर कमी आहे असं वाटतं आणि माणूस उगाच वाढवत बसतो.

आणखी एक. बाटली अशी ठेवा की तिची लांबी हेड दांडीवर सरकतं त्या दिशेने येईल. अख्खी दांडी पुढेमागे धावायला लागली की जड वजनामुळे वेग घेता येत नाही आणि अक्षरांच्या कडा दातेरी होतात.

धातुकाम
मिनिटं वाचतील हे मान्य. पण बाटली बसवायची, जागेवर आणायची, फोकस बघायचा, त्याचं काय? धंद्यात वेळ तिथेच जातो.

पटाशी
शंभर टक्के. म्हणून साचा करा. प्लायमध्ये बाटलीच्या मापाची खाच, बुडाला अडसर, आणि साचा मशीनला पक्का. मग प्रत्येक बाटली त्याच जागी बसते, फोकस एकदाच लावायचा. दोन खाचा केल्या तर एका दमात दोन नावं होतात, तेवढ्यात पुढच्या दोन पुसून ठेवता येतात. मशीनजवळून मात्र हलायचं नाही.

शलाका
चष्मा लावता ना, कोरीव? ४५० नॅनोमीटरसाठी असलेलाच हवा. रंग उडाला की खालचं स्टील आरशासारखं होतं आणि गोलाईमुळे किरण कुठेही उसळतो. लाकडावर एवढं जाणवत नाही. साधा गॉगल चालत नाही, आणि माझा सीओटूचा पारदर्शक चष्माही या निळ्या प्रकाशाला अडवत नाही.

कोरीव
मशीनबरोबर हिरवा चष्मा आला होता, त्यावर आकडा काहीच नाही. आकडा छापलेला आजच मागवते, तोवर काम बंद ठेवते. नावांची यादी ऑफिसने फोनवर सांगितली आहे, 'दीप्ती' की 'दिप्ती' असे घोळ आहेत.

शलाका
फोनवर अजिबात घेऊ नका. त्यांच्याकडून टाइप केलेली यादी मागवा, सगळी नावं मांडून एका पानावर परत पाठवा आणि 'बरोबर आहे' असं लेखी घ्या. पावडर कोटिंग उडालं की परत बसत नाही.

कोरीव
हो, तसंच करते. मग फायबर घेऊच नको का?

धातुकाम
घ्याच. आज ना उद्या उघड्या स्टीलचं काम येणार.

पटाशी
ही ऑर्डर साचा लावून काढा आणि बसवणं, कोरणं, पुसणं धरून एका बाटलीला एकूण किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. अशी कामं नियमित येऊ लागली आणि मशीन दिवसभर अडकून नेमप्लेटची कामं मागे पडायला लागली, की गॅल्व्होचा विचार करा. तेव्हाही आधी ठरवा की येणारं काम उघड्या धातूचं आहे की रंगवलेल्या. लाकूड फायबरवर नीट होत नाही, म्हणजे हे मशीन तुम्हाला ठेवावंच लागेल.

धातुकाम
लाकडाचं बरोबर आहे. कोरीव, फायबर घ्यायच्या आधी मला व्यनि करा. तुमची एक बाटली पाठवा, माझ्या मशीनवर करून देतो, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

कोरीव
नक्की पाठवते. साच्यासाठी प्लाय किती जाडीचा घेऊ? माझ्याकडे ६ मिमीचा पडून आहे.

पटाशी
६ चालेल. आडव्या दोन पट्ट्या उभ्या करून त्यांनाच अर्धगोल खाच द्या, अख्ख्या फळीत कोरत बसू नका. खाचेला आतून फेल्टची पट्टी चिकटवा, नाहीतर बाटली फिरवताना रंगावर ओरखडे पडतील.