ताम्हाणेची वाट धरायची तर आधी काय: महोत्सव, सेन्सॉर की थिएटर?

पटकथापुरते
दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचे पूर्ण लांबीचे दोनच चित्रपट: ‘कोर्ट’ (2014) आणि ‘द डिसायपल’ (2020). तरी नाव जगभर झालं. मला कौतुक नको, कामाचा क्रम हवाय. माझ्या चित्रपटाचं संकलन लॉक झालंय (आता बदल नाहीत), चित्रण सेकंदाला 25 फ्रेमवर आहे, पाठीशी स्टुडिओ नाही. महोत्सव, सेन्सॉर, अनुदान, प्रदर्शन कसं लावायचं?

रीळबदल
वर्ल्ड प्रीमियर एकदाच होतो, बाकी सगळं त्याच्या मागून. ‘कोर्ट’चा व्हेनिसला झाला. ओरिझोन्ती या नव्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, शिवाय पदार्पणाचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ मिळाला. त्याचे एक लाख डॉलर दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. हाच चित्रपट आधी फी भरून कुठल्यातरी ऑनलाइन महोत्सवात लावला असता तर ते दार बंद झालं असतं. पोस्टरवर महोत्सवांच्या निवडीची पानांची चिन्हं चढवायची घाई बरेच जण करतात आणि तिथेच फसतात.

बर्लिन फेब्रुवारीत, कान मे महिन्यात, लोकार्नो ऑगस्टमध्ये, व्हेनिस ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. या चौघांकडून उत्तरं येईपर्यंत यूट्यूब नाही, सार्वजनिक खेळ नाही. पासवर्डची लिंक द्या. गोव्यात भरणाऱ्या फिल्म बाजार या चित्रपट-व्यवसायाच्या मेळाव्याची वर्क-इन-प्रोग्रेस लॅब कच्च्या संकलनासाठी असते, तुमची वेळ गेली. तिथली व्ह्यूइंग रूम, म्हणजे महोत्सववाले आणि खरेदीदार चित्रपट पाहतात ती सोय, मात्र पुऱ्या चित्रपटालाही चालते.

आता सेन्सॉर. राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रमाणपत्राचं वर्ष धरतात, प्रदर्शनाचं नाही. ‘कोर्ट’ला 2014 सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मार्च 2015 मध्ये जाहीर झालं आणि चित्रपट लागला 17 एप्रिलला. पोस्टरवर कमळ आधी, तिकीटखिडकी नंतर! म्हणून 31 डिसेंबर चुकवू नका. कुत्रं, बैल, काहीही पडद्यावर असेल तर प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत लागतं. ते आयत्या वेळी मिळत नाही.

मास्टर, म्हणजे अंतिम प्रती, दोन करा. भारतातल्या प्रतीत धूम्रपानाचे इशारे टाकावे लागतात, महोत्सवाची प्रत स्वच्छ ठेवा.

ध्वनीवाला
25 फ्रेमकडे दुर्लक्ष नको. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल प्रत, 25 वर बनते, पण जुने सर्व्हर ती नीट चालवतील याची खात्री नसते, म्हणून 24 वर आणलेली बरी. सरळ वेग कमी केला तर 100 मिनिटांचा चित्रपट 104 मिनिटं 10 सेकंदांचा होतो आणि आवाज अर्ध्या स्वराच्या साधारण 70 टक्के खाली उतरतो. संवादात एक वेळ खपेल, गाण्यात नाही. सॉफ्टवेअरने स्वर पुन्हा वर चढवता येतो, पण तानपुऱ्यासारखा सलग नाद त्यात थरथरतो, तेवढा भाग कान देऊन ऐका. लांबी बदलली की सबटायटलच्या वेळाही बदलतात. सेन्सॉरच्या अर्जात नवीच लांबी लिहा.

सबटायटल चित्रावर छापू नका, वेगळी फाइल ठेवा. जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीला 40च्या आसपास अक्षरं. चौकटीची रुंदी उंचीच्या 1.85 पट असेल तर 1998×1080 पिक्सेल, स्कोप म्हणजे त्याहून रुंद पट्टी असेल तर 2048×858. डीसीपीला कुलूप लावणार असाल तर चावीची, म्हणजे ठरावीक वेळेपुरतं कुलूप उघडणाऱ्या फाइलची, वेळ त्या देशाच्या घड्याळाने द्या. खेळ सुरू व्हायच्या वेळी पडदा काळा राहण्याचं हे नेहमीचं कारण. आणि लॅपटॉपवर पाहून पाठवू नका, खऱ्या थिएटरात शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत चालवून बघा.

पटकथापुरते
दोघांचे आभार. अनुदान बजेटमध्ये धरू का?

तिसरी_घंटा
अजिबात नको. राज्याचं मराठी चित्रपट अनुदान परीक्षण होऊन नंतर हातात येतं. अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30 लाख असे आकडे आहेत, तरी अर्जाआधी ताजा शासन निर्णय वाचा. त्या भरवशावर व्याजाने पैसे उचलले की अनुदान सावकाराच्याच घरी जातं.

वर एक गोष्ट राहिली. ताम्हाणेच्या क्रमाआधी माणसं आहेत. ‘कोर्ट’च्या संहितेला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत होती. निर्माता विवेक गोम्बर, त्यानेच बचावाच्या वकिलाची भूमिका केली. पुढे ताम्हाणेला रोलेक्सच्या योजनेतून मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन मार्गदर्शक मिळाला, तोच ‘द डिसायपल’चा कार्यकारी निर्माता. तो चित्रपट व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. असा निर्माता सगळ्यांना मिळत नाही.

त्यापेक्षा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांची वाट मला जास्त अनुकरणीय वाटते. महोत्सवाच्या मागे न लागता ‘दोघी’, ‘देवराई’, ‘अस्तु’ असे एकामागून एक विषय घेत काम चालू ठेवलं. ‘कासव’मध्ये नैराश्य हा विषय, डॉ. मोहन आगाशे निर्मितीत. त्यालाही सुवर्णकमळ मिळालं. विषयाशी जोडलेल्या माणसांकडे आणि संस्थांकडे आधी जा, चित्रपट तयार झाल्यावर त्याच लोकांसाठी तालुक्याच्या गावी खेळ लावता येतात. अर्थात प्रीमियर झाल्यानंतरच, यावर रीळबदल यांच्याशी सहमत.

कागद तपासा: लेखकाचा करार, प्रत्येक कलाकाराची सही, पार्श्वभूमीला रेडिओवर वाजणाऱ्या जुन्या गाण्याचे हक्क. ओटीटीवाले पहिल्या बैठकीत हेच मागतात. ते गाणं अजून काढता येईल, मिक्सिंग झाल्यावर महाग पडेल.